‘पायथॉन टाकला’ म्हणजे नेमकं काय केलं?

आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल की हा गृहस्थ वाट चुकला. जन्मभर तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवलं, आणि आज लिनक्सवर पायथॉन कसा टाकायचा ते सांगायला बसला! वाट चुकलेलो नाही. पण मी या विषयातला तज्ज्ञ नाही, हे आधीच सांगून टाकतो. मला एका पुस्तकाची सूची लावायची होती, त्यासाठी पायथॉन हवा होता, आणि तो घेण्याच्या खटपटीत मी माझा संगणक एक दिवसभर निकामी करून बसलो. असं का झालं याचा शोध घेताना लक्षात आलं की ‘टाकणं’, ‘बसवणं’, ‘इन्स्टॉल करणं’ ही जी क्रियापदं आपण बिनदिक्कत वापरतो, त्यांचा अर्थच मला ठाऊक नव्हता. आज त्या अर्थाबद्दल बोलायचं आहे. आज्ञा पडद्यावर दिसतील. ज्यांना पडदा दिसत नाही त्यांच्यासाठी मी त्या तोंडानंही सांगत जाईन.

आधी सूचीचं. पुस्तकाच्या मागे शब्दसूची असते, ती मराठी वर्णक्रमानं लावावी लागते. संगणकाला ‘क्रमानं लाव’ म्हटलं की तो प्रत्येक अक्षराचा युनिकोडमधला क्रमांक पाहतो. त्या क्रमांकांत ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आहे, आणि आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. त्यामुळे ‘काळ’ हा शब्द ‘काव्य’ आणि ‘काश्मीर’ यांच्या आधी जाऊन बसतो. ‘क्ष’ला तर स्वतःचा क्रमांकच नाही, तो क, हलन्त आणि ष असा तिघांचा मिळून होतो. म्हणून ‘क्षणिकवाद’ कौटिल्याच्या आणि ‘क्रम’च्या मागे उभा, आणि ‘ज्ञान’ जैनांच्या पाठोपाठ. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात ‘ज्ञान’ शेवटी सापडलं नाही तर वाचक आधी लेखकाला नावं ठेवणार. पूर्वी हे काम मी कार्डांवर करत असे. आता डोळे साथ देत नाहीत. कोणीतरी सांगितलं, पायथॉनमध्ये पाच-सात ओळींत होईल.

पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. गुइडो व्हान रॉसम यांनी १९८९च्या अखेरीस ती लिहायला घेतली, १९९१मध्ये पहिली आवृत्ती बाहेर दिली. पण भाषा म्हणजे व्याकरण झालं. व्याकरण यंत्रात टाकता येत नाही. यंत्रात टाकायचा तो त्या भाषेतलं लिखाण वाचून यंत्राकडून तसं करवून घेणारा प्रोग्रॅम. त्याला इंटरप्रिटर म्हणतात, आपण दुभाष्या म्हणू. त्याच्याबरोबर त्याचं प्रमाण ग्रंथालय येतं, म्हणजे तयार उपकरणांचा संच. दुभाष्या आणि हे ग्रंथालय मिळून जे होतं तो रनटाइम.

माझ्याकडे डेबियन कुळातली एक लिनक्स प्रणाली आहे. मी टर्मिनल उघडलं, ‘पायथॉन’ असं लिहिलं. उत्तर आलं, अशी आज्ञा सापडली नाही. ‘पायथॉन३’ असं लिहिलं, तर दुभाष्या हजर! मग माझ्या यंत्रात पायथॉन होता की नव्हता?

याला इतिहास आहे. पायथॉनची दुसरी पिढी २०००मध्ये आली, तिसरी डिसेंबर २००८मध्ये. तिसरी पिढी दुसरीशी जुळणारी नव्हती. दुसरीत लिहिलेले प्रोग्रॅम तिसरीत जसेच्या तसे चालत नसत. तेव्हा प्रश्न आला की नुसतं ‘पायथॉन’ म्हटल्यावर कोणी पुढे यायचं? आर्च लिनक्सनं २०१०मध्येच ते नाव तिसऱ्या पिढीला देऊन टाकलं. डेबियननं तसं केलं नाही; जुने हजारो प्रोग्रॅम त्या नावावर विसंबून होते. १ जानेवारी २०२०ला दुसऱ्या पिढीची देखभाल थांबली. तरी नाव मोकळं झालं म्हणून ते लगेच दुसऱ्याला द्यायचं नाही, असा डेबियनचा पवित्रा राहिला. एखाद्या घरात आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, पण आजोबांची पत्रं येणं बंद झाल्याशिवाय नाही, तसं काहीसं.

त्यातून एक मजेदार वस्तू जन्माला आली. डेबियन आणि उबुंटूमध्ये एक पॅकेज आहे, त्याचं नावच ‘पायथॉन-इज-पायथॉन३’. त्यात दुभाष्या नाही, ग्रंथालय नाही. ‘पायथॉन’ हे नाव ‘पायथॉन३’कडे बोट दाखवील अशी एक दुवा-फाइल, एवढाच ऐवज. मी हे पाहिलं तेव्हा मला वर्गातला फ्रेग आठवला. पहाटेचा तारा तोच संध्याकाळचा तारा, दोन्ही शुक्रच. मग या विधानानं आपल्याला नवीन काय कळतं, हा प्रश्न त्यानं १८९२च्या निबंधात विचारला होता. इथे ‘अ म्हणजेच ब’ एवढं एकच विधान एका पॅकेजमध्ये बांधून ठेवलंय, आणि ते टाकल्यावर बंद पडलेले प्रोग्रॅम चालू लागतात. उबुंटूच्या २०.०४ या आवृत्तीत त्याचा प्रतिपक्षही होता, ‘पायथॉन-इज-पायथॉन२’. माझ्या चाळीस वर्षांच्या अध्यापनात तादात्म्य-विधानाचं इतकं व्यवहारी उदाहरण मला सापडलं नव्हतं.

आता नाव उच्चारल्यावर काय घडतं ते बघू, कारण सगळी मेख तिथे आहे. तुम्ही टर्मिनलमध्ये शब्द लिहिता तो वाचणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल. शेलकडे ‘पाथ’ नावाची एक यादी असते. यादीत डिरेक्टऱ्यांचे पत्ते, मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं. माझ्याकडे साधारण असं आहे: /यूएसआर/लोकल/बिन, मग /यूएसआर/बिन, मग /बिन. शेल या यादीत डावीकडून शोधत जातो. पहिल्या ठिकाणी त्या नावाची चालवता येणारी फाइल मिळाली की संपलं. पुढे बघत नाही. वाड्यात जाऊन ‘जोशी आहेत का?’ अशी हाक मारली की ज्या जोशांचं दार पहिलं ते बाहेर येतात. तुम्हाला मागच्या चौकातले जोशी हवे होते, हे हाकेला कळत नाही.

मीमांसक म्हणतात, शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य आहे, तो कोणी घडवलेला नाही. नैयायिक म्हणतात, तो संकेतानं ठरतो. या शब्दानं ही वस्तू समजावी असं कोणाच्या तरी इच्छेनं ठरलेलं असतं. युनिक्स या वादात सरळसरळ नैयायिकांच्या बाजूला आहे. ‘पायथॉन३’ या शब्दाला यंत्रात स्वतःचा अर्थ नाही. पाथचा क्रम बदला, अर्थ बदलला. कोणता अर्थ लागतोय ते बघायचं असेल तर ‘टाइप -ए पायथॉन३’ ही आज्ञा द्या. त्या नावाचे जेवढे जण यादीत आहेत तेवढे सगळे ती क्रमानं दाखवते. आणखी एक बारकावा. बॅश हा शेल एकदा सापडलेला पत्ता लक्षात ठेवतो, दर वेळी नव्यानं शोधत नाही. त्यामुळे नवीन जोशी आधीच्या दारात राहायला आले तरी तो जुन्याच दाराशी जाऊ शकतो. ‘हॅश -आर’ म्हटलं की तो आठवण पुसतो.

पाथमधल्या या जागा काही उगीच नाहीत. /यूएसआर/बिन ही वितरणाची जागा. वितरण म्हणजे डेबियन, फेडोरा वगैरे. तिथलं सामान त्यांचा पॅकेज-व्यवस्थापक आणतो, बदलतो, काढतो. /यूएसआर/लोकल ही यंत्राच्या मालकाची जागा. तिथे वितरणानं अद्ययावत करताना हात लावायचा नाही, असा दंडक आहे. आणि तुमची घरडिरेक्टरी ही तुमची स्वतःची. ‘यूएसआर’ हे नाव मुळात ‘युझर’वरूनच आलं. बेल लॅब्जमध्ये सुरुवातीच्या काळात वापरणाऱ्यांच्या फाइली तिथे असत. पहिली चकती भरली तसं प्रणालीचं सामान तिकडे सरकलं, आणि आता तिथे युझरचं काहीच उरलं नाही. नाव तेवढं राहिलं.

आता दुसरी गोष्ट. पायथॉनला दर वेळी माणूसच हाक मारतो असं नाही. बहुतेक वेळा दुसरे प्रोग्रॅम मारतात. पायथॉनमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत दोन चिन्हं असतात, हॅश आणि उद्गारचिन्ह, आणि त्यापुढे दुभाष्याचा पत्ता. डेनिस रिची यांनी १९८०मध्ये ही सोय सुचवली. ही ओळ लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एकीत पूर्ण पत्ता: /यूएसआर/बिन/पायथॉन३. हे पाकिटावर घर क्रमांकासकट लिहिण्यासारखं. पाथ काहीही असो, पत्र त्याच घरी जाणार. दुसरीत ‘एन्व्ह’ नावाच्या छोट्या प्रोग्रॅमला मध्ये घालतात: /यूएसआर/बिन/एन्व्ह पायथॉन३. एन्व्ह पाथच्या यादीतून शोधतो. म्हणजे पुन्हा वाड्यातली हाक. वितरणाचे स्वतःचे प्रोग्रॅम बहुधा पूर्ण पत्ता लिहितात, आणि त्याला कारण आहे. ते कारण मला कसं कळलं ते सांगतो.

सूचीसाठी मला एक नमुना प्रोग्रॅम मिळाला होता, त्यावर लिहिलं होतं ‘३.१२ किंवा पुढचा’. माझ्या प्रणालीत होता ३.१०. मी ३.१२चा सोर्स उतरवून घेतला, म्हणजे त्या दुभाष्याची मूळ संहिता. ती सी भाषेत आहे. ती बांधायचे टप्पे तीन. आधी ‘कॉन्फिगर’. हा तुमच्या यंत्रात काय आहे नि काय नाही याचा तपास करतो, आणि त्याची रीत मला फार आवडली. तो कोणाला विचारत नाही. छोटे छोटे सी प्रोग्रॅम लिहितो, ते कंपाइल करून बघतो. झालं तर सोय आहे, नाही झालं तर नाही. मग ‘मेक’, म्हणजे प्रत्यक्ष बांधणी. शेवटी ‘मेक ऑल्टइन्स्टॉल’, म्हणजे तयार झालेलं /यूएसआर/लोकलमध्ये नेऊन ठेवणं. इथे नुसतं ‘मेक इन्स्टॉल’ही म्हणता येतं, तेव्हा ‘पायथॉन३’ हे नावही तिथे तयार होतं. ऑल्टइन्स्टॉल फक्त ‘पायथॉन३.१२’ असं पूर्ण नाव ठेवतो आणि सामाईक नावाला हात लावत नाही. सभ्य माणसाचा मार्ग आहे तो.

बांधणीत एक सापळा आहे, आणि बरेच जण त्यात पडतात. दुभाष्याचे काही भाग दुसऱ्यांच्या ग्रंथालयांवर उभे असतात. जालावर सुरक्षित बोलायला ओपनएसएसएल, दाबलेल्या फाइली उघडायला झेडलिब, छोटा विदासंच सांभाळायला एसक्यूलाइट. ही ग्रंथालयं यंत्रात असून भागत नाही. बांधणीसाठी त्यांच्या हेडर फाइली लागतात, आणि त्या डेबियनमध्ये शेवटी ‘डेव्ह’ लिहिलेल्या वेगळ्या पॅकेजांत असतात. त्या नसल्या तर बांधणी थांबत नाही! शेकडो ओळी सरकत असतात, त्यांत एक ओळ येते की अमुक ऐच्छिक भाग बांधण्यासाठी लागणारं साहित्य मिळालं नाही. आपण चहा प्यायला गेलेलो असतो. दुभाष्या तयार होतो, दोन अधिक दोन चार सांगतो, आपण खूश. आठवड्यानं ‘पिप’नं काही उतरवायला जातो तेव्हा तो सांगतो की एसएसएल उपलब्ध नाही. अभाव हा पदार्थ मानायचा की नाही, त्याचं ज्ञान प्रत्यक्षानं होतं की अनुपलब्धीनं, यावर आपल्याकडे शतकानुशतकं वाद झालाय. भूतलावर घट नाही हे कळायला आधी घट आठवावा लागतो, हे त्या वादातलं मर्म. एसएसएलची आठवण ज्याला नाही त्याला त्याचा अभाव दिसणार नाही. म्हणून बांधणी झाल्यावर लगेच ‘इम्पोर्ट एसएसएल’, ‘इम्पोर्ट एसक्यूलाइट३’ अशी दोन-चार नावं मुद्दाम उच्चारून बघावीत.

जाता जाता, हा सी कंपायलर कशानं बांधला? जीसीसी आज सी++मध्ये लिहिलेला आहे, आणि तो बांधायला आधीचा सी++ कंपायलर लागतो. गो या भाषेचा कंपायलर आधी सी भाषेत होता, २०१५मध्ये १.५ या आवृत्तीपासून तो गोमध्येच आला, म्हणजे गो बांधायला आधी गो पाहिजे. विद्यार्थी लगेच म्हणतील, सर, अन्योन्याश्रय! नाही. हा बीजांकुर न्याय. हे झाड या बीजातून, ते बीज आधीच्या झाडातून. प्रत्येक वेळी व्यक्ती वेगळी आहे, म्हणून आपल्या शास्त्रकारांनी ही अनवस्था दोष मानली नाही. केन थॉम्पसन यांनी मात्र तिच्यातली भीती दाखवली. त्यांचं ट्युरिंग पुरस्काराचं व्याख्यान १९८४मध्ये छापून आलं. कंपायलरच्या एका पिढीत लबाडी घातली आणि ती पुढच्या पिढीत आपोआप उतरेल अशी सोय केली, तर संहिता कितीही निर्मळ दिसली तरी लबाडी चालूच राहते. यावर वेगळं व्याख्यान होईल, आज पुढे जाऊ.

माझी बांधणी नीट झाली. ‘पायथॉन३.१२’ म्हटलं की नवा दुभाष्या येत होता. मला एवढ्यानं समाधान व्हायला हवं होतं. पण ‘पायथॉन३’ म्हटलं की जुनाच येई, ते मला खुपलं. नवा आणलाय तर मुख्य नाव त्याचं असावं, असा माझा गृहस्थी हट्ट. मी पाहिलं, /यूएसआर/बिनमधला ‘पायथॉन३’ ही खरी फाइल नाहीच, ‘पायथॉन३.१०’कडे जाणारा दुवा आहे. सुडो लावून मी तो दुवा काढला आणि ३.१२कडे वळवला. दोन सेकंदांचं काम. ‘पायथॉन३’ म्हटलं, ३.१२ आला. मी खुशीत होतो.

मग ‘अ‍ॅप्ट अपडेट’ दिलं, तर शेवटी लाल अक्षरात तक्रार: ‘अ‍ॅप्ट_पीकेजी’ नावाचं मॉड्यूल नाही. काल होतं, आज नाही? एका आज्ञेचं स्पेलिंग चुकलं, तर एरवी ‘तुम्हाला हे म्हणायचं होतं का?’ असं विचारणारा यंत्रातला मदतनीस त्या दिवशी त्रुटींची माळ ओकून गप्प झाला. मी टर्मिनल बंद केलं. आणि पुन्हा उघडायला गेलो तर खिडकी उघडेचना. टिचकी मारतोय, काही नाही. संदेश नाही, तक्रार नाही.

आमच्या इमारतीत संगणकशास्त्र शिकणारी एक मुलगी आहे. तिला बोलावलं. तिनं दोन प्रश्न विचारले, आणि म्हणाली, “आजोबा, तो पायथॉन तुमचा नव्हता.”

“माझ्याच यंत्रात आहे ना?”

“यंत्र तुमचं. तो सिस्टीमचा.”

तिनं कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकदम दाबलं, काळा पडदा आला, तिथे नाव आणि पासवर्ड देऊन एका ओळीत दुवा पुन्हा ३.१०कडे वळवला. मग परत आली, टर्मिनल उघडलं. चहा घेतला आणि गेली. मी मात्र रात्रभर तिच्या षष्ठी विभक्तीचा विचार करत होतो. सिस्टीम-‘चा’.

काय झालं होतं ते असं. त्या प्रणालीत टर्मिनलची खिडकी उघडणारा छोटा प्रोग्रॅम पायथॉनमध्ये लिहिलेला आहे. स्पेलिंग सुचवणारा मदतनीसही. त्यांच्या पहिल्या ओळीत /यूएसआर/बिन/पायथॉन३ असा पूर्ण पत्ता. म्हणजे मी पाथमध्ये काहीही गोंधळ घातला असता तरी ते बचावले असते. मी पत्त्यावरचं घरच बदललं. पत्र बरोबर ठिकाणी पोचलं, दार उघडणारा मनुष्य वेगळा. आता हे प्रोग्रॅम जी मॉड्यूलं मागतात त्यांतली काही सी भाषेतून बांधलेली असतात आणि ती दुभाष्याच्या विशिष्ट आवृत्तीपुरती असतात. फाइलीच्या नावातच ‘३१०’ हा आकडा असतो. ३.१२ ती पाहतो आणि सोडून देतो. त्याच्या दृष्टीनं ती नाहीतच. शिवाय /यूएसआर/लोकलमध्ये बांधलेला दुभाष्या वितरणाच्या मॉड्यूलांच्या जागी शोधायलाही जात नाही. अ‍ॅप्ट_पीकेजी कुठेही गेलं नव्हतं. त्याला ओळखणारा गेला होता.

तर ‘पायथॉन टाकणं’ ही क्रिया मी एखादं कपाट आणून खोलीत ठेवण्यासारखी समजत होतो. प्रत्यक्षात मी एका सामाईक नावाचा अर्थ बदलत होतो, आणि त्या नावानं हाका मारणारे किती जण आहेत याची मला कल्पना नव्हती. नवीन दुभाष्या यंत्रात येण्यानं कोणाचं काही बिघडलं नव्हतं. दोन काय, पाच आवृत्त्या शेजारी शेजारी सुखानं राहतात. बिघडलं ते नावाच्या फेरवाटपानं.

नेमका हाच घोळ ग्रंथालयांच्या बाबतीत होतो. पायथॉनमध्ये ‘इम्पोर्ट’ म्हटलं की तोही एक यादी घेऊन क्रमानं शोधतो. तिचं नाव ‘सिस.पाथ’. तीच वाड्यातली हाक. पूर्वी लोक ‘सुडो पिप इन्स्टॉल’ असं सर्रास करत. डेबियनवर त्यानं ग्रंथालय /यूएसआर/लोकलखाली जाऊन पडे. पण वितरणाचा दुभाष्याही त्या जागी आधी बघतो आणि आपल्या जागी नंतर. त्यामुळे तुम्ही स्वतःच्या कामासाठी आणलेली नवी आवृत्ती वितरणाच्या प्रोग्रॅमांना मिळायची, आणि त्यांनी जुनी गृहीत धरलेली असायची. शेवटी पायथॉनवाल्यांनी ‘पेप ६६८’ हा प्रस्ताव संमत केला, आणि २०२३मध्ये आलेल्या डेबियन १२नं तो लागू केला. आता प्रणालीच्या पायथॉनवर पिप चालवलं तर ते नकार देतं: हे वातावरण बाहेरून सांभाळलं जातं. तरीही करायचंच असेल तर एक पर्याय द्यावा लागतो, त्याचं नाव ‘ब्रेक-सिस्टीम-पॅकेजेस’. इतकं प्रामाणिक नाव मी सरकारी अर्जावर कधी पाहिलं नाही.

त्यापेक्षा व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट करा. आज्ञा अशी: ‘पायथॉन३ -एम व्हेन्व्ह सूची’. डेबियनवर आधी ‘पायथॉन३-व्हेन्व्ह’ हे पॅकेज अ‍ॅप्टनं घ्यावं लागतं. ‘सूची’ नावाची डिरेक्टरी तयार होते. मी आत जाऊन पाहिलं, कारण मला वाटलं होतं की दुभाष्याची संपूर्ण प्रत असेल. नाही. ‘बिन’मध्ये पायथॉन आहे, तो प्रणालीच्याच दुभाष्याकडे जाणारा दुवा. एक मोजक्या ओळींची फाइल, तिच्यात ‘होम’ म्हणून खऱ्या दुभाष्याची जागा. ग्रंथालयांसाठी एक वेगळी डिरेक्टरी. आणि ‘अ‍ॅक्टिव्हेट’ नावाचं लिखाण, जे मुख्यतः एकच काम करतं: ही ‘बिन’ पाथच्या सुरुवातीला आणून ठेवतं. दुभाष्या उठतो, ती छोटी फाइल शेजारी दिसते, आणि तो ठरवतो की आपली ग्रंथालयं इथली.

वेदान्तातलं घटाकाश तुम्हाला आठवत असेल. आकाश एकच, घटामुळे मर्यादित झालेलं ते घटाकाश, मठामुळे झालेलं ते मठाकाश. व्हेन्व्ह म्हणजे घट. आत नवं आकाश नाही, आहे त्याच आकाशाला घातलेली मर्यादा आहे. दृष्टांत एका बाजूनं मात्र लंगडा पडतो, आणि ते व्यवहारात महत्त्वाचं आहे. वेदान्तात घट फुटला तर आकाशाचं काही जात नाही. इथेही नाही, सूचीची डिरेक्टरी पुसली की संपलं, प्रणाली जशीच्या तशी. पण इथे आकाश बदलतं. डेबियन १२मध्ये पायथॉन ३.११ होता, २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३मध्ये ३.१३ आहे. प्रणाली पुढे नेली की तुमच्या घटातला दुवा ३.१३कडे जातो, तुमची ग्रंथालयं ‘३.११’ नावाच्या डिरेक्टरीत पडून राहतात, आणि घट रिकामा दिसतो. शिवाय घट जागचा हलवता येत नाही. आतल्या प्रोग्रॅमांच्या पहिल्या ओळीत त्याचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. म्हणून घट जपायचा नाही, काय काय भरलं होतं याची यादी जपायची. ‘पिप फ्रीझ’ ती यादी लिहून देतं. घट मोडायचा, नवा करायचा, यादीवरून भरायचा.

सूचीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. वर्णक्रमासाठी ‘आयसीयू’ नावाचं ग्रंथालय लागतं. आयबीएमनं १९९९मध्ये ते खुलं केलं, २०१६पासून युनिकोड कन्सोर्शियमकडे आहे. पायथॉनमधून त्याच्याशी बोलायला ‘पायआयसीयू’ हवं. ३.१२च्या घटात पिपनं ते मागवलं, तर ते जागेवरच सी++मधून बांधायला निघालं, आणि आयसीयूच्या हेडर फाइली नसल्यानं अडलं. म्हणजे पुन्हा ‘डेव्ह’ पॅकेज. आता मात्र मी थांबून विचार केला, आणि अ‍ॅप्टलाच विचारलं. ‘पायथॉन३-आयसीयू’ नावाचं तयार पॅकेज तिथे होतंच, प्रणालीच्या ३.१०साठी बांधलेलं. ते घेतलं, ३.१०चा नवा घट केला, आणि त्याला ‘सिस्टीम-साइट-पॅकेजेस’ हा पर्याय दिला, म्हणजे घटाला एक खिडकी ठेवली. आयसीयूला क्रमाचा नियम एका ओळीत लिहून देता येतो. मी लिहिला: ह, त्यानंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ. तो नमुना प्रोग्रॅमही ३.१०वर चालला. ‘३.१२ किंवा पुढचा’ ही अट त्यात कोणी का लिहिली होती, देव जाणे. काळ काश्मीरच्या पुढे गेला आणि ज्ञान शेवटी आलं.

एका श्रोत्यानं लेखी प्रश्न पाठवलाय: स्वतःचा नवा पायथॉन बांधल्यावर जुना, प्रणालीचा, काढून टाकला तर जागा वाचेल का? जागा वाचेल, भरपूर वाचेल. आधी एवढं करा. टर्मिनलमध्ये लिहा: ‘अ‍ॅप्ट-गेट -एस रिमूव्ह पायथॉन३’. त्यातला ‘एस’ विसरू नका. तो असला की काढण्याचं फक्त नाटक होतं, प्रत्यक्षात काही निघत नाही. पायथॉनबरोबर आणखी काय काय जाईल याची यादी येईल. माझ्या यंत्रावर ती एका पडद्यात मावली नाही, आणि तिच्यात मी ज्या खिडक्यांमधून हे सगळं बघत होतो त्या खिडक्याही होत्या.